गाडीचे इंजिन आणि आपली नोंदवही



मृग लागायला आता थोडेच दिवस उरले आहेत. उन्हाळी धानाची मळणी आटोपली, बांध्यांमधला काडीकचरा वेचणे सुरू आहे, पऱ्ह्यांसाठी बियाणे कोणते घ्यायचे याची चर्चा घरोघर चालली आहे. पावसाआधीच्या कामांची आपली यादी लांबलचक असते. या यादीत आज आम्ही आणखी एक काम घालणार आहोत. ते काम म्हणजे दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या इंजिनाची देखभाल.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांनी आता गाडीचे पाने-पकड हातात घ्यायचे काय? हे तर घरच्या पुरुषांचे काम, नाहीतर मिस्त्रीचे. आम्हालाही तसेच वाटत होते. ते का बदलले, ते आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या एका गटाने अंतर्गत कर्जातून एका ताईला जुनी स्प्लेंडर घ्यायला पैसे दिले. गटात बाया अकरा, दरमहा बचत प्रत्येकी १०० रुपये. ताईच्या घरी दोन म्हशी. तिचा मुलगा शेजारच्या चार घरांचे दूध गोळा करायचा आणि आपल्या दुधासोबत गाडीवर केंद्रावर पोचवायचा. जाऊन-येऊन रोजचे ३० किलोमीटर. हप्ता वेळेवर येत होता, गट खूश होता, आम्हीही खूश होतो.

सातव्या महिन्यात, मे महिन्याच्या भर दुपारी, गाडी रस्त्यातच जाम होऊन थांबली. किक खाली जाईना. गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. त्याने तेलाची काडी काढून पाहिली आणि म्हणाला, "बाई, इंजिनात तेल नाहीच जी. कधी पाहिलं होतं?" आम्ही सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागलो. गाडी घेतल्यापासून त्या काडीला कोणी हातच लावला नव्हता. पिस्टन बोअरमध्ये अडकला होता. दुरुस्तीचे बिल आले ६,८०० रुपये. म्हणजे अकरा बायांची सहा महिन्यांहून थोडी जास्त बचत.

नऊ दिवस दूध सायकलवर गेले, काही नासले. दोन हप्ते थकले. गटाच्या बैठकीत भांडण झाले. एक मावशी रागाने म्हणाली, "गाडी तिच्या पोरानं बसवली, आमचे पैसे काहून अडकावे?" ताई रडली. आम्ही समन्वयक म्हणून तिथे बसलो होतो आणि आम्हाला आमचीच चूक दिसत होती. कर्ज देताना आम्ही गाडीचे कागद पाहिले, विमा पाहिला, जामीनदार पाहिला. पण या गाडीचे तेल कोण तपासणार, हे कोणीच विचारले नव्हते. कर्ज ताईच्या नावावर, गाडी मुलाच्या नावावर, आणि इंजिन कोणाच्याच नावावर नव्हते.

त्यानंतर आम्ही त्या मिस्त्रीभाऊला एका रविवारी बैठकीला बोलावले. तो आधी तिथल्या पोरांनाच दाखवू लागला. तेव्हा तीच ताई पुढे झाली आणि म्हणाली, "भाऊ, मले दाखव जी. हप्ता मी भरते." त्या दिवशी जे शिकलो आणि नंतर करून पाहिले, तेच आज सांगतो.

आधी हे समजून घेऊ की इंजिनात तेल लागते कशाला.

आपल्या घरी बंडी होती तेव्हा तिच्या कण्याला वंगण लावल्याशिवाय आजोबा बैल जुंपत नसत. लोखंडावर लोखंड फिरले की घासते आणि तापते. बंडीचे चाक तासाला काही शेकडा फेरे घेत असेल. मोटारसायकलच्या इंजिनात पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतो. शिवाय आत पेट्रोल जळत असते. त्यामुळे तेलाला तिथे चार कामे असतात. ते घासणे थांबवते. आतली उष्णता बाहेरच्या भागाकडे नेते. काजळी आणि झिजलेल्या धातूचे कण आपल्यात धरून ठेवते. आणि क्लचच्या पट्ट्याही त्याच तेलात बुडालेल्या असतात, त्यांनाही सांभाळते. म्हणून तेल कमी झाले की चारही कामे एकदम बिघडतात.

इथे एक घोटाळा होतो, तो सांगायला हवा. आपल्या आधीच्या पिढीने लुना आणि राजदूत पाहिल्या. लुना पुण्याच्या कायनेटिक इंजिनियरिंगने १९७२ साली आणली आणि कितीतरी शिक्षिका, नर्सबाया तिच्यावर फिरल्या. त्या गाड्यांची इंजिने टू-स्ट्रोक होती. त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असायचे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि त्यानंतर हळूहळू फोर-स्ट्रोक गाड्या घरोघर पोचल्या. त्यांत तेल पेट्रोलमध्ये घालायचे नसते, ते इंजिनाच्या पोटात वेगळे असते. आपल्याकडे सामान वाहायला लोक टीव्हीएसची एक्सएल वापरतात. तिचे जुने मॉडेल टू-स्ट्रोक होते, २०१५ मध्ये आलेली एक्सएल १०० फोर-स्ट्रोक आहे. एकाच कंपनीची, दिसायला बहिणी-बहिणी, पण तेलाचा हिशोब वेगळा. तेव्हा आपल्या घरची गाडी कोणत्या जातीची, हे पहिल्यांदा पक्के करून घ्या.

आता पहिले काम, तेल तपासणे. याला एक पैसा लागत नाही.

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी करा. तिरप्या साइड स्टँडवर पाहिले तर माप चुकते. इंजिन तीन-चार मिनिटे सुरू ठेवा, मग बंद करून दोन-तीन मिनिटे थांबा, म्हणजे वर गेलेले तेल खाली उतरेल. हे काम अंगणात करा. बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन सुरू ठेवू नका, त्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही.

इंजिनाच्या खालच्या भागात, उजव्या बाजूला बहुतेक एक काळे फिरकीचे झाकण असते. त्यालाच तेलाची काडी जोडलेली असते. झाकण फिरवून काढा, काडी स्वच्छ सुती फडक्याने पुसा, पुन्हा आत घाला. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत माप घेताना झाकण फिरवून घट्ट करायचे नाही, नुसते टेकवायचे. मग काडी बाहेर काढून पाहा. काडीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावे. खालच्या खुणेच्या खाली असेल तर गाडी पुढे चालवायची नाही, त्याच प्रतीचे तेल थोडे थोडे घालून पुन्हा मोजायचे. वरच्या खुणेच्या वरही भरायचे नाही. जास्त भरले तर इंजिनाला तेही जड जाते आणि तेल नको तिथून बाहेर येते. काही गाड्यांना काडीऐवजी काचेची छोटी खिडकी असते, तिच्यावरही अशाच दोन खुणा असतात.

आमच्या गटांत हे काम पंधरा दिवसांतून एकदा होते. जुनी गाडी तेल थोडे थोडे खाते, म्हणून तिच्याकडे आठवड्याला पाहावे.

दुसरे काम, तेल बदलणे.

किती किलोमीटरवर बदलायचे, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका कपाटात कागदांखाली दबलेली असेल, आज काढून ठेवा. आपले रस्ते धुळीचे, ऊन ४५ अंशांच्या आसपास, त्यात दुधाचे डबे किंवा धानाचे पोते मागे. अशा गाडीचे तेल लवकर खराब होते. आम्ही अडीच-तीन हजार किलोमीटरवर बदलतो. ताईच्या गाडीला ते साधारण तीन महिन्यांनी येते.

तेल घेताना तीन गोष्टी पाहा. पुस्तिकेत लिहिलेली प्रत, म्हणजे १० डब्ल्यू ३० किंवा २० डब्ल्यू ५० असे जे काही असेल ते. दुसरे, डब्यावर फोर-स्ट्रोक मोटारसायकलसाठी असे लिहिलेले असावे, जासो एमए अशी खूण असते. कारचे किंवा ट्रॅक्टरचे उरलेले तेल घालू नका. कारच्या काही तेलांत जास्त निसरडेपणा आणणारी द्रव्ये असतात, त्यांनी मोटारसायकलचा क्लच घसरतो. तिसरे, डब्याचे सील शाबूत असावे आणि दुकानदाराकडून बिल घ्यावे.

बदलताना इंजिन कोमट असावे, चटका बसेल इतके गरम नको. इंजिनाखाली जुने पसरट घमेले ठेवा. खाली मधोमध तेलाचा बोल्ट असतो. आमच्या स्प्लेंडरला १७ नंबरचा पाना बसतो. आधी वरचे काडीचे झाकण काढा, मग बोल्ट सैल करा. शेवटचे आटे हाताने फिरवा आणि हात बाजूला घ्या. दहा-पंधरा मिनिटे तेल निथळू द्या. बोल्टाचे वायसर पाहा, चपटे झाले किंवा चिरले असेल तर नवे घाला. बोल्ट पुन्हा लावताना पहिले काही आटे बोटांनी फिरवा. तिरपा जातोय असे वाटले तर थांबा, बाहेर काढून पुन्हा लावा. शेवटी पान्याने घट्ट करा, पण सगळा जोर लावू नका. इंजिनाचे पोट ॲल्युमिनियमचे असते. त्याचे आटे गेले तर काही रुपयांचे काम हजारांत जाते.

मग नवे तेल घाला. शंभर सीसीच्या गाडीला साधारण एक लिटरच्या आतबाहेर लागते. सगळी बाटली एकदम रिकामी करू नका. आधी थोडे कमी घाला, इंजिन दोन मिनिटे चालवा, बंद करून थांबा, काडी पाहा आणि मग उरलेले घाला. बोल्टाजवळ ओल येते का, तेही पाहा.

काढलेल्या काळ्या तेलाचे काय करायचे? आपल्याकडे ते कोणी लाकडाला लावते, कोणी जनावराच्या जखमेला लावते, कोणी नालीत ओतते. यातले काहीच करू नका. सरकारी नियमांत हे तेल घातक कचऱ्यात मोडते. नालीतून ते तलावात आणि बांधीत जाते. मामा तलावाचे पाणी आपल्या धानाला लागते, त्यातच आपली मासोळी वाढते. तेल जुन्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, तो ते गोळा करणाऱ्याला देतो. हाताला लागले तर साबणाने लगेच धुवा. वारंवार लागत राहिले तर ते कातडीला घातक आहे.

तिसरे काम, हवेची जाळी, म्हणजे एअर फिल्टर.

पेट्रोल जळायला हवा लागते. आपली चूल फुंकणीने कशी पेटते, ते आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? हवा कमी झाली की चूल धूर करते. इंजिनाचेही तसेच. मळणीचा भुसा, रेतीच्या टिप्परांची धूळ, राइस मिलच्या वाटेवरचा कोंडा, हे सगळे त्या जाळीत अडकते. जाळी बुजली की गाडी काळा धूर सोडते, ॲव्हरेज घटते, चढावर दम धरत नाही.

जाळी सीटखाली किंवा बाजूच्या झाकणाआड असते. ती तीन प्रकारची असते. स्पंजाची असेल तर साबणाच्या पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, सावलीत पूर्ण वाळवा आणि पुस्तिकेत सांगितले असेल तर थोडे तेल लावून जास्तीचे दाबून काढा. कोरडी कागदी असेल तर हलके झटका किंवा आतून बाहेरच्या दिशेने हवा मारा, पाणी लावू नका. नव्या गाड्यांत चिकट कागदी जाळी येते. ती धुवायची नाही, हवाही मारायची नाही, मुदत झाली की बदलायची. आणि जाळी काढून टाकून गाडी कधीच चालवू नका. ती धूळ थेट बोअरमध्ये जाते आणि कानशीसारखी घासते.

चौथे काम, प्लग.

इंजिन थंड असताना प्लगची टोपी हाताने ओढून काढा, वायर धरून ओढू नका. प्लगच्या बुडाशी साचलेली माती ब्रशने झाडा, नाहीतर ती आत पडेल. मग प्लगपान्याने काढा आणि त्याचे टोक पाहा. ते टोक इंजिनाच्या पोटातली गोष्ट सांगते. खाकी, भाजलेल्या गव्हासारखा रंग असेल तर सगळे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर हवा कमी पडते आहे, आधी जाळी पाहा. काळे आणि तेलकट असेल तर तेल वर चढून जळते आहे, मिस्त्रीला दाखवा. पांढराफटक असेल तर इंजिन जास्त तापते आहे. काजळी ब्रशने साफ करा. टोकांमधली फट बहुतेक गाड्यांत ०.८ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमकी पुस्तिकेत पाहा. परत लावताना इथेही आधी हाताने, मग पान्याने.

प्लग साधारण १०० ते २०० रुपयांत मिळतो. एक जास्तीचा प्लग आणि प्लगपाना गाडीच्या डब्यात ठेवा. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा दुकाने बंद असतात.

पाचवे काम खास पावसाचे.

इंजिनाभोवती ज्या पट्ट्या असतात, त्यांच्यातून वारा खेळतो आणि इंजिन थंड राहते. रोवणीच्या दिवसांत त्यांच्यात चिखल भरतो आणि वाळून बसतो. तो काडीने, ब्रशने काढत जा. पण गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका. पेट्रोलच्या टाकीचे झाकण नीट बसते का पाहा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत पाणी गेले की गाडी झटके देते. म्हणून गाडी पावसात उघडी ठेवू नका. बाटलीतले सुटे पेट्रोल शक्यतो टाळा, आणि चूल पेटलेल्या खोलीत ते ठेवूच नका.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला, तेव्हा आपल्या जिल्ह्यात किती घरांत पाणी शिरले ते आपण पाहिले आहे. अशा पाण्यात गाडी बुडाली, किंवा नाला ओलांडताना बंद पडली, तर लगेच किक मारू नका. हीच सवय सगळ्यांत महाग पडते. आधी तेलाची काडी काढून पाहा. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. ते काढून नवे तेल घातल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही. अशी गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्यावी.

आता मिस्त्रीचे काम कोणते, तेही सांगतो. टॅपेटचा खडखडाट, क्लच घसरणे, सारखा निळा धूर, कार्बोरेटर उघडणे, ही कामे त्याचीच. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस ६ गाड्यांपैकी बहुतेकींत कार्बोरेटर नसतो, पेट्रोल सेन्सरच्या हिशोबाने पंपाने जाते. त्या गाड्यांच्या मीटरवर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागून राहिला तर गाडी दाखवावी. त्यांची टाकी अगदी कोरडी होईपर्यंत चालवू नये, कारण पंप पेट्रोलानेच थंड राहतो. हिवाळ्यात सकाळी थोडी पांढरी वाफ दिसली तर घाबरू नका, गाडी तापली की ती जाते.

काम करताना पदर खोचून घ्या, ओढणी बांधून घ्या, बांगड्या वर सरकवा. इंजिन सुरू असताना साखळीजवळ हात नेऊ नका. सायलेन्सर गार होऊ द्या.

आणि शेवटचे काम आपल्या हातखंड्याचे आहे. ते म्हणजे लिहून ठेवणे. बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि हिशोब, ही पंचसूत्री आपण पाळतो. तशीच गाडीची एक वही करा. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, तेल तपासले की बदलले, किती घातले, जाळी, प्लग, खर्च. एवढे रकाने पुरे. आमच्या गटांत आता गाडीसाठी कर्ज मागणारी सभासद ही वही दर बैठकीला सोबत आणते. बचतीच्या नोंदी झाल्या की तीही पाहिली जाते. दोन महिने तेलाची नोंद नसेल तर मावशी विचारतात. हो, रागावलेल्या त्याच मावशी.

त्या ताईचे कर्ज दोन महिने उशिरा, पण पूर्ण फिटले. गाडी अजून दूध नेते. तेल आता ती स्वतः तपासते. पहिल्यांदा मुलाला लाज वाटली, की आई रस्त्यावर बसून गाडीचे काम करते. आता तो डबे बांधत असतो आणि तेवढ्यात ती काडी पाहून घेते. घरच्यांशी भांडून हे काम घ्या, असे आम्ही म्हणत नाही. भाऊजी करत असतील तर उत्तमच. पण झाले की नाही हे आपल्याला कळले पाहिजे. ज्या वस्तूचे कर्ज आपण फेडतो, तिची प्रकृती विचारायचा हक्क आपलाच आहे.

तर मैत्रिणींनो, मृग लागण्याआधी एवढे करा. पुस्तिका शोधा, तेलाची काडी पाहा, हवेची जाळी उघडून पाहा, आणि वहीच्या पहिल्या पानावर आजचे किलोमीटर लिहा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या.